गेटवरचा आकडा

११ जानेवारी

प्रिय बारक्या,

अक्षर बघून हे कोणा शाळकरी पोराचं पत्र समजून बाजूला ठेवू नकोस. मीच आहे. डाव्या हाताने लिहितेय. हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, उजवा हात केव्हा साथ देईल सांगता येत नाही, तोवर डाव्याला शिकवा, रोज काहीतरी लिहा. मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणाल्या, कोणाला तरी पत्र लिहा. आता पत्र लिहावं असा माझ्या ओळखीत तूच एक. बाकी सगळे फोन उचलतात.

नव्या कारखान्यात मॅनेजर झालास, वेगळी केबिन मिळाली, हे आईकडून कळलं. अभिनंदन. आशीर्वाद दोन्ही हातांनी देतात, पण सध्या एकाच हाताचा घे. साहेब झालास तरी माझ्यासाठी बारक्याच राहणार, तेवढं चालवून घे.

प्लास्टर निघालं. मधली दोन बोटं आणि अंगठ्याखालचा भाग अजून लाकडासारखा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी झाकतच नाही, त्यामुळे किंमत करण्याचा प्रश्न मिटला.

आई इथे माझ्याकडे बरी आहे. मी बाथरूममध्ये पडले एवढंच तिला ठाऊक आहे. यांनाही तेच ठाऊक आहे आणि लेकीलाही. तुझं-माझं ठरलं होतं तसंच चाललंय.

एवढ्या ओळींना अख्खी दुपार गेली. आज पुरे.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. बरं. व्यायाम माझा आहे, तुझा नाही.

आज मला तुला बाथरूमबद्दल सांगायचं आहे. आमच्या बाथरूमच्या फरश्या गेल्या वर्षी यांनीच बसवल्या, आठवतं ना? गवंडी नको म्हणाले, सुट्टीच्या दिवशी स्वतः घोटून घोटून बसवल्या आणि आल्यागेल्याला दार उघडून दाखवत होते. तर मी 'पडले' तेव्हापासून आई त्या फरश्यांवरून यांना बोलतेय. सकाळी आंघोळीला जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा. "हौस म्हणून फरश्या बसवल्या, माझ्या पोरीचा हात घालवला." यांचा स्वभाव तुला माहीत आहे. शाळेची बस चालवतात, पाठीमागे पोरांचा एवढा गलका असतो की माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकतो. आईने तिथे रबराच्या चटया अंथरल्या, दाराला दोरी बांधली धरायला.

गेल्या रविवारी मी दुपारची जरा आडवी झाले होते, तर ठक-ठक आवाज यायला लागला. जाऊन बघते तर हे उकिडवे बसलेत आणि छिन्नी-हातोडी घेऊन फरशीवर एकेक चर पाडतायत. स्वतःच्या हाताने घोटलेली फरशी. मला बघून म्हणाले, "खडबडीत केली की कोणी घसरणार नाही. आधीच करायला हवं होतं, चुकलं माझं."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. तिथेच उंबऱ्यात बसले आणि सगळं सांगून टाकलं. रागावू नकोस. खोटं आपल्या दोघांचं होतं, पण ते उभं होतं यांच्या पाठीवर.

काय सांगितलं तेही लिहून ठेवते, म्हणजे मी तुझ्यावर काही जास्तीचं ढकललं असं तुला वाटायला नको. कारखान्यात चहाची सुट्टी झाली होती. सगळ्या जणी कँटीनला गेल्या. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या माझ्या प्रेसमध्ये झाकण अडकलं. अडकलेलं झाकण काढायला प्रेस बंद करावी असा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. पण प्रेस बंद केली की तुला ते वहीत लिहावं लागायचं, बंद जास्त झाल्या की पाळीला बोल बसायचे, म्हणून आम्ही सगळ्या चालू प्रेसमध्येच लाकडी पट्टी घालून झाकण उडवायचो. तू सुपरवायझर, तुला ते दिसायचं आणि तू पाठ करायचास. त्या दिवशी पट्टी मोडली होती. मी हात घातला. पट्टीच्या जागी हात घालायचा शहाणपणा माझाच.

तू धावत आलास, लाल बटण दाबलंस. तुझा चेहरा पांढराफटक. आणि तू काय म्हणालास? "काय झालं" असं नाही म्हणालास. म्हणालास, "ताई, काय सांगायचं?" मी त्या गेटवरच्या बोर्डाचाच विचार करत होते. 'अपघाताविना दिवस: ३५१.' वर्ष भरायला दोन आठवडे. वर्ष भरलं की सगळ्या पाळीला एकेक मिक्सर, आणि तुझं नाव नव्या कारखान्यासाठी वर जाणार. रोज सकाळी त्या पत्र्याच्या आकड्यांच्या पाट्या खिळ्यावर तूच बदलायचास. मीच म्हटलं, "बाथरूममध्ये पडले म्हण." तू माझ्या हाताला तुझा रुमाल गुंडाळलास, मागच्या गेटने स्कूटरवर घातलंस, डॉक्टरांना तेच सांगितलंस, मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर ३५२ लागला.

यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फरशीकडे बघितलं. अर्धीच झाली होती. म्हणाले, "आता उरलेली पण करून टाकतो, नाहीतर दिसायला वाईट दिसेल." आणि केली. आईला अजून सांगितलेलं नाही. "तिला मुलगा एकच आहे, मला काय, बोलू दे" असं हेच म्हणाले.

हो, मिक्सर मिळाला. हजेरीपटावर माझं नाव होतंच. त्याचं झाकण एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने बटण फिरवायचं असतं. खोक्यात आहे.

ताई


१ मार्च

बारक्या,

आज कामाचं लिहायचं आहे, म्हणून चेष्टा कमी.

हाताच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आले. हाडं जुळलीत पण वाकडी, आणि बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या आत चिकटल्यात. पुन्हा ऑपरेशन करून त्या सोडवायला लागतील आणि मग चार-सहा महिने व्यायाम. वर्षाच्या आत केलं तर मूठ मिटेल असं म्हणाले. उशीर केला तर हात असाच राहील. मी विचारलं, असाच म्हणजे? त्यांनी टेबलावरचा पंजाचा सांगाडा उघडा करून दाखवला. असा.

साठवलेलं सगळं पहिल्या दवाखान्यातच गेलं. बिनपगारी रजेवर मला चौथा महिना. हे म्हणाले, "कामगार भरपाईचं ऑफिस आहे, जाऊन तर ये." मी म्हटलं, चूक माझी, मी कोणत्या तोंडाने जाऊ? हात दाखवून अवलक्षण. पण गेले.

दुसरा मजला, लांबट खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. खिडकीपलीकडे एक बाई, सतत सर्दी झालेल्या. मी सुरुवातच केली, "बाई, चूक तशी माझीच होती." त्यांनी हात वर करून थांबवलं.

"चूक कोणाची हे मी विचारलंय का?"

"नाही."

"मग सांगू नका. हा विमा त्यासाठी नाही. हप्ता मालक भरतो, आणि कामावर असताना कामामुळे माणसाला काही झालं तर औषधपाणी, ऑपरेशन, घरी बसावं लागलं त्या दिवसांचा पगाराचा ठरावीक भाग, आणि कायमचं काही गेलं तर त्याची भरपाई, हे विम्याने द्यायचं. मुद्दाम करून घेतलं असेल किंवा दारू पिऊन आला असाल तर गोष्ट वेगळी. प्यायला होता?"

"चहासुद्धा प्यायचा राहिला होता."

"मग झालं तर. याच्या बदल्यात तुम्ही मालकाला कोर्टात खेचायचं नाही. म्हणजे कोण चुकलं हे दोन्ही बाजूंनी सोडून द्यायचं. आम्हाला एकच कळायला हवं. कामावर झालं की नाही?"

बारक्या, मला बाबा आठवले. आपल्या घरात काही फुटलं की बाबा काय फुटलं, कोणाला लागलं हे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "कोणी केलं?" आणि तू आणि मी एका सुरात, "आपोआप झालं." अळीमिळी गुपचिळी. आरसा फुटला तेव्हा काच तुझ्या तळव्यात रुतली होती आणि तू टाचेवर चालत होतास, तरी म्हणालास आपोआप. पाय पिकला तेव्हा कुठे कळलं. अख्ख्या जगात असं एक ऑफिस असेल जिथे 'कोणी केलं' विचारतच नाहीत, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तुलाही माहीत नसणार. नाहीतर तू मला मागच्या गेटने कशाला नेलं असतंस?

तर सांगते काय अडलंय. दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडून' असं आहे. माझ्या रजेच्या अर्जातही तेच. आता मी उलटं सांगतेय, तर बाई म्हणाल्या, तुमच्या शब्दाशिवाय दुसऱ्या कोणाचा शब्द हवा. कोणी पाहिलं? मी म्हटलं, एकानेच. उशिरा सांगितलं तरी चालतं, पण तेही वर्षाच्या आत.

शेजारी एक काका बसले होते. फर्निचरला पॉलिश मारायचं काम, जन्मभर. चार शब्द बोलले की खोकला. त्यांचंही प्रकरण तिथेच आहे. आजारही कामामुळे झाला असेल तर या विम्यात बसतो म्हणे, नुसती जखमच लागते असं नाही. पण तो कामामुळेच झाला हे दाखवता दाखवता त्यांना दोन वर्षं झाली. कधी सुरू झाला ते सांगा म्हणतात, आणि काकांना ते सांगता येत नाही. छाती काय एका दिवशी थोडीच बिघडते? मला म्हणाले, "बाई, तुमचं नशीब चांगलं. तुमच्याकडे निदान तारीख आहे."

तारीख आहे. ५ नोव्हेंबर, मंगळवार. ती तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे.

तू खरं लिहून दिलंस तर तुझ्या खुर्चीला धक्का लागेल, हे मला कळतं. तू अपघात लपवलास हे उघड होईल. तरी मागतेय. दोन ओळी लिही, सही कर, पाठव. पत्ता मागच्या बाजूला आहे.

तुझी ताई


९ एप्रिल

साहेब,

माझ्या खात्यात पैसे आले. कोणी पाठवले ते लिहिलेलं नव्हतं. आपोआप आले असतील. ते मी तुझ्या बायकोच्या खात्यात परत पाठवलेत, तिला विचार. भाऊ म्हणून देत असशील तर आधी फोन उचल आणि कसा आहे हात म्हणून विचार. नुसते पैसे टाकून गप्प बसायचं असेल तर मला नको. माझ्या हक्काचं तिकडे पडलंय, ते मिळायला फक्त तुझी दोन अक्षरं लागतात, आणि तू मला खिशातून देतोस.

गेल्या आठवड्यात बोर्डावर पाचशे लागले. व्यायामाला जाताना माझी बस गेटवरूनच जाते. मोठा हार घातला होता, सगळे फोटो काढत होते. बसमधल्या एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं, "बघा, पाचशे दिवस एकालाही खरचटलं नाही. किती छान." मी उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हटलं, हो, छान आहे. मला त्या बाईचा राग आला नाही. तुझा आला.

कारखान्याचं उत्तरही आलं ऑफिसात. 'सदर दिवशी सदर पाळीत कोणताही अपघात झालेला नाही.' सोबत त्या दिवसाच्या वहीचं पान जोडलंय. 'सर्व ठीक', आणि खाली सही. मी ती सही केव्हाही ओळखेन. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच करायचास, तेव्हापासून शेवटची रेघ लांब ओढायची खोड आहे तुझी.

मी अंथरुणात पडून तुझ्या बाजूने पण विचार केला. आपलेच दात, आपलेच ओठ, काय बोलणार? खोटं मीच सुचवलं. मिक्सर मीही घेतला. तू बढती एकट्यासाठी घेतली नाहीस, तुझ्या घरी दोन पोरं आहेत. हे सगळं मला पाठ आहे. पण त्या पहिल्या दिवसानंतर मी दवाखान्यात होते तेव्हा तू एकदाही आला नाहीस. आला असतास तर मी तुला हे सगळं माफ केलं असतं, आणि मला वाटतं म्हणूनच तू आला नाहीस.

लेकीची वेणी आता हे घालतात. दोरखंडासारखी घट्ट घालतात, पोरीचे डोळे ताणले जातात. परवा मला म्हणाली, "आई, तुझा हात बरा झाला की आधी वेणी." मी हो म्हटलं. आता हे हो तुझ्या हातात आहे.

तीन महिन्यांपूर्वी डाव्या हाताला चार ओळींना दुपार लागायची. बघ, रागाने किती प्रगती झाली.

ताई


१८ जून

बारक्या,

काल सुनावणी झाली. तुला बोलावणं गेलं होतं, हे मला माहीत आहे. तुझी खुर्ची रिकामी होती, हे तुला माहीत आहे.

मोठं टेबल, एका बाजूला निकाल देणारे साहेब, एका बाजूला कारखान्याचा माणूस, मध्ये सर्दीवाल्या बाई लिहून घ्यायला. हे माझ्या मागे बसले होते, बसचा युनिफॉर्म घालून, कारण तेवढाच एक इस्त्रीचा होता. मी सगळं सांगितलं. पट्टी मोडल्याचं, हात घातल्याचं, मागच्या गेटचं. तुझं नाव विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, साक्षीदाराशी तुमचं नातं? मी म्हटलं, सख्खा भाऊ. कारखान्याचा माणूस जरा हसला.

साहेबांनी विचारलं, "तेव्हाच खरं का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "बोर्डामुळे."

"कोणता बोर्ड?"

मग मी तो बोर्डही सांगितला. पत्र्याच्या पाट्या, खिळे, मिक्सर. सांगता सांगता मलाच ऐकायला इतकं पोरकट वाटलं, बारक्या. पन्नाशीला आलेली बाई, मोडलेल्या हाताने एका पत्र्याच्या आकड्याला जपतेय. साहेब म्हणाले, "आकडा लावतात तो माणसं जपायला." म्हटलं, "हो. आम्ही त्याचं उलट केलं."

कारखान्याच्या माणसाने दवाखान्याचा कागद पुढे केला. "बाथरूममध्ये पडल्याचं बाईंनी स्वतः सांगितलंय. तेव्हा खोटं बोलल्या की आता?" त्याचंही बरोबर होतं. तेवढ्यात मागून हे उठले. यांना बोलायची परवानगी नव्हती, तरी उठले. म्हणाले, "साहेब, आमच्या बाथरूममध्ये कोणी पडत नाही. फरश्या मी बसवल्यात." आणि खाली बसले. सात महिन्यांत फरश्यांच्या बाजूने यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. बाईंनी नाक पुसता पुसता ते लिहून घेतलं.

निकाल दिलेला नाही. महिनाअखेरपर्यंत साक्षीदाराचा लेखी जबाब आला तर बघू, नाहीतर आहे त्या कागदांवर ठरवू, असं म्हणाले. आहे त्या कागदांवर काय ठरेल ते सांगायला ज्योतिषी नको.

बाहेर पॉलिशवाले काका भेटले. त्यांचं मान्य झालं. त्यांच्याबरोबर काम केलेला एक जण तीन बस बदलून आला होता आणि खोली कशी बंद असायची, तोंडाला बांधायला काय मिळायचं, सगळं सांगून गेला. काका म्हणाले, "नात्याचा ना गोत्याचा." मला टोमणा मारायला नव्हते म्हणाले, आनंदात होते. पण लागला.

मी आता तुला मागणार नाही. मागून झालं. ऑपरेशन झालं नाही तरी मी मरणार नाही, डाव्या हाताने सगळं जमायला लागलंय, भांडणसुद्धा. फक्त मला एक भाऊ होता, तो अजून आहे की नाही, तेवढं समजलं तर बरं.

तुझी ताई


५ जुलै

माझ्या बारक्या,

बुधवारी मी व्यायामाला निघाले होते. बस गेटपाशी सिग्नलला थांबली. मी बोर्डाकडे बघत नाही हल्ली, पण डोळा गेला. साडेपाचशेच्या पुढे असायला हवा होता. होता २३९.

आधी वाटलं, पाटी पडली असेल. मग वाटलं, कोणाला तरी लागलं. पण कोणाला लागलं तर बोर्ड शून्यावर येतो, दोनशे एकोणचाळीसवर कसा येईल? व्यायामाच्या बाई बोटं ओढत होत्या आणि माझं लक्ष नव्हतं. घरी आले तर हे नुकतेच बस लावून आले होते. यांना म्हटलं, कॅलेंडर काढा. दोघं खाली बसलो. हे बोट ठेवून मागे मोजत गेले. जून, मे, एप्रिल. जुनं कॅलेंडर मिळेना, ते आईच्या कपाटाच्या फळीवर अंथरलेलं होतं, तेही काढलं. डिसेंबर संपला, नोव्हेंबरमध्ये शिरले आणि यांचं बोट थांबलं. ५ तारीख. मंगळवार.

यांनी पुन्हा एकदा मोजलं. पुन्हा तिथेच आले.

बारक्या, तो आकडा माझ्या हाताचा आहे. त्या दिवशी त्या गेटच्या आत काहीतरी झालं, असं आता गेटवर लिहिलंय. मी रडले. डोळे पुसायला चुकून उजवा हात नेला, बोटं मिटत नाहीत तर सगळं तोंडभर झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेटपाशी उतरले. वॉचमनला विचारलं. म्हणाला, "तुमचे भाऊच आले होते की सोमवारी, सकाळी पहिल्या पाळीच्या आधी. वर साहेबांकडे जाऊन आले, बराच आरडाओरडा ऐकू आला. खाली येऊन शिडी मागितली. मी म्हटलं मी बदलतो, तर म्हणाले, नको, हे माझं काम आहे." मग तू शिडीवर उभं राहून खिशातून कागद काढून आकडा बघितलास आणि एकेक पाटी काढून लावलीस, असं त्याने सांगितलं. आणि खाली उतरून खूप वेळ बघत उभा होतास, असंही.

ऑफिसातल्या बाईंचा फोन आला काल. तुझा जबाब मिळाला. चार पानी आहे म्हणे. मी दोन ओळी मागितल्या होत्या. कारखान्याने आता हरकत मागे घेतली. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, आणि घरी बसलेल्या दिवसांचंही मिळेल. बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाने जबाबात चूक माझी, चूक माझी असं सात वेळा लिहिलंय. त्यांना सांगा, आम्ही विचारलं नव्हतं."

तर सांगितलं.

मॅनेजरकी गेली, पुन्हा पाळीवर घेतलंय, तेही कुठल्या कारखान्यात ते ठरायचंय, असं वॉचमन म्हणाला. खरं असेल तर मला वाईट वाटतं, आणि तसं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. इकडेच आलात तर पुढची खोली रिकामी आहे. तुझी पोरं आणि माझी लेक एका खोलीत राहतील आणि रोज काहीतरी फोडतील. पण मला एक कळत नाही. शिडीवर चढायला तुला धीर झाला, आणि आमच्या घराला तीनच पायऱ्या आहेत, त्या नाही चढवल्या?

आईला काल संध्याकाळी सगळं सांगितलं. मग उठली, बाथरूममधल्या चटया एकेक करून बाहेर काढल्या, दाराची दोरी सोडली. हे पेपर वाचत होते, त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "फरश्या चांगल्या होत्या हो." यांनी पेपर खाली केला नाही, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

मग माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात आपल्या मांडीवर घेतला, बोटं चाचपली. म्हणाली, "इतके दिवस सगळे गप्प होतात. मग आता हे उघड कोणी केलं?"

बाबांसारखंच विचारलं, अगदी त्याच आवाजात. तोंडात सवयीचं उत्तर आलंच होतं.

मी म्हटलं, "बारक्याने केलं, आई."

ताई